चिखलातला नत्र आणि नमुन्याचं अवजार: एका भातखाचराचं प्रकरण

प्रकरणातलं खाचर एक एकराचं. चिखलणी करून लावणी झालेली, तिला ३० दिवस उलटलेले, खाचरात ५ सेंटिमीटर पाणी. युरियाचा पुढचा हप्ता देण्याआधी वरच्या १५ सेंटिमीटर थरात अमोनिअम नत्र किती आहे, एवढंच हवं आहे. हाताशी चार अवजारं: खुरपं, २ सेंटिमीटर आतल्या व्यासाची पोलादी नळी (ट्यूब प्रोब), डच गिरमिट, आणि ५ सेंटिमीटर आतल्या व्यासाचा पीव्हीसी पाइप. चारही १५ सेंटिमीटर खोल जातात, तरी चौघांच्या मातीतून एकच आकडा येणार नाही. चिखल चिकटतो, पाणी आड येतं, माणूस कंटाळतो, ही कारणं आहेतच. पण त्यांच्याही आधी भूमिती आड येते.

पाण्याखालची माती वरपासून खालपर्यंत सारखी नसते. सगळ्यात वर काही मिलिमीटरांचा, ऑक्सिजन मिळणारा तांबूस थर. त्याखाली करडा-निळसर, ऑक्सिजन नसलेला चिखल. नायट्रेट असलंच तर त्या वरच्या पातळ थरात. तिथून खाली झिरपलं की जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. म्हणून उभ्या पिकात मोजायचा तो मुख्यतः अमोनिअम नत्र. त्याच्यावर धन भार असल्याने तो चिकणमातीच्या कणांना धरून बसतो, आणि वरून फेकलेल्या युरियातला बराचसा वरच अडकतो. खत चिखलणीच्या वेळी मातीत मिसळलं असेल तर वरच्या आणि खालच्या थरात फरक कमी, उभ्या पाण्यात फेकलं असेल तर खूपच जास्त.

हिशेबासाठी आकडे धरू. ०–५ सेंटिमीटरमध्ये ६०, ५–१० मध्ये ३०, १०–१५ मध्ये १५ मिलिग्रॅम प्रति किलो कोरडी माती. तिन्ही थरांची माती सारख्याच मापाने घेतली तर सरासरी ३५ येते. हाच या खाचराचा खरा आकडा.

आता खुरप्याने ‘व्ही’ आकाराचा खड्डा घेतला आणि निघालेला तुकडा तसाच पिशवीत टाकला, तर काय होतं? वर रुंद आणि १५ सेंटिमीटरवर टोक, अशा पाचरीत वरच्या, मधल्या आणि खालच्या थराचा वाटा ५ : ३ : १ पडतो. सरासरी निघते (६०×५ + ३०×३ + १५×१) ÷ ९, म्हणजे ४५. चिखलाची घनता १.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली, तर हेक्टरी १५ सेंटिमीटर थराचं कोरडं वजन १८ लाख किलो होतं आणि १ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे हेक्टरी १.८ किलो नत्र. ४५ आणि ३५ मधला फरक हेक्टरी १८ किलो नत्राचा, ४६ टक्के नत्राच्या युरियात ३९ किलोंचा. मातीत नत्र जितका दिसला तितकाच युरिया कोणी कमी करत नाही, हे खरं. पण शिफारस त्याच दिशेने सरकते, आणि पीक उपाशी राहतं.

वीस ठिकाणी खड्डे घेतले तरी हा दोष जात नाही. जागा वाढवल्या की जागोजागचा चढउतार सरासरीत मुरतो. अवजाराचा कल मात्र प्रत्येक खड्ड्यात त्याच बाजूला असतो, त्यामुळे वीस खड्डे मिळून ४५ हाच आकडा आणखी ठामपणे सांगतील.

खुरप्यावर यात थोडा अन्यायही होतो. व्ही खड्डा घ्यायचा तो माती बाहेर काढून टाकण्यासाठी. नमुना त्या खड्ड्याच्या मोकळ्या भिंतीवरून घ्यायचा असतो. भिंतीची २ सेंटिमीटर जाडीची सरळ चीप काढायची, ती पात्यावर आडवी ठेवून दोन्ही कडा सुरीने छाटायच्या आणि मधली ३ सेंटिमीटर रुंदीची पट्टी वरपासून खालपर्यंत ठेवायची. पट्टी सारख्या जाडीची असली की वाटा समान पडतो. ओलसर, पाणी नसलेल्या रानात हे उत्तम जमतं. आपल्या खाचरात जमत नाही, कारण खड्डा काढला की त्यात पाणी आणि वरचा पातळ चिखल वाहून येतो आणि भिंत उभीच राहत नाही. तेव्हा खुरपं इथे बाद, पण ते या खाचरापुरतं.

नळी: आत गेली किती, भरली किती

पोलादी नळीचा आकार बरोबर आहे. प्रत्येक सेंटिमीटरला सारखंच क्षेत्रफळ मिळतं. तिचं दुखणं वेगळं. अरुंद नळीत माती आतल्या भिंतीला घासत वर चढते. घर्षण वाढत जातं आणि एका क्षणी खालच्या मऊ चिखलाला नळीत शिरण्यापेक्षा बाजूला सरकणं सोपं पडतं. नळी १५ सेंटिमीटर आत जाते, आत मातीची कांडी भरते ११ सेंटिमीटर. बाहेरून काहीच कळत नाही. ती ११ सेंटिमीटर जर वरचीच माती असेल तर आपल्या आकड्यांत सरासरी ४२ च्या पुढे जाते, म्हणजे खुरप्याच्या जवळपास. कांडी वरपासून खालपर्यंत सारखी दाबली गेली असेल तर मात्र सरासरी ३५ च राहते. बिघाड दोनपैकी कोणता झाला, हे कांडीकडे बघून ओळखता येत नाही. म्हणून नळी मातीत असतानाच दोन मापं घ्यावीत: नळीच्या वरच्या कडेपासून आतल्या मातीपर्यंत, आणि त्याच कडेपासून बाहेरच्या जमिनीपर्यंत. दोन्हींतला फरक दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर कांडी टाकून देऊन एक पाऊल पुढे पुन्हा घ्यावी.

दुसरं, वरचा चिखल नळीच्या भिंतीला लागून खाली ओढला जातो. हा माखलेला थर १ मिलिमीटरचा धरला तर २ सेंटिमीटरच्या नळीत तो कांडीच्या १९ टक्के होतो. ५ सेंटिमीटरच्या पाइपात तोच थर ८ टक्क्यांच्या आत राहतो. वरचा आणि खालचा थर वेगळे तपासायचे असतील तर हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

बाजूने खाच असलेली नळी पाण्यात वापरूच नये. रानात कांडी बघायला आणि काढायला ती खाच सोयीची असते; चिखलात तिथून वरचा पातळ थर, म्हणजे नेमका सगळ्यात जास्त नत्राचा भाग, ओघळून जातो. बंद नळी घेतली तरी वर खेचताना कांडी सुटण्याचा धोका आहेच, कारण चिखलाला स्वतःची पकड नसते.

डच गिरमिटाबद्दल थोडक्यात. दोन वळणदार पात्यांचं हे अवजार चिकट, ओल्या चिकणमातीसाठीच आहे आणि तिथे ते माती छान धरून ठेवतं. पण पाण्याखाली ते दोन-तीन घासांत खोदावं लागतं. पहिला घास काढला की वरचा चिखल भोकात उतरतो आणि दुसऱ्या घासाबरोबर ‘खालची माती’ म्हणून वर येतो. बाहेर काढताना पात्यांमधली माती पाण्यात धुतली जाते ती वेगळीच. खुरप्याची चूक निदान हिशेबात धरता येते. गिरमिटाची चूक दर वेळी निराळी, तिला दुरुस्तीचा आकडा लावता येत नाही. स्क्रूच्या गिरमिटाला हेच सगळं लागू आहे, जरा जास्तच.

पाइप: साधा, पण नीट केलेला

राहिला पीव्हीसी पाइप. या खाचरासाठी निवड त्याचीच. मात्र दुकानातून आणलेला तुकडा तसाच दाबला तर तोही चुकवतो.

लांबी ६० सेंटिमीटर घ्यावी, म्हणजे पाण्यातही वरचं टोक हातात राहतं. खालच्या कडेला कानशीने धार लावायची ती बाहेरून. आतून उतार दिला तर प्रत्येक दाबाबरोबर बाजूचा चिखल आत ढकलला जातो आणि कांडी आखडते. भाताची मुळं ३० दिवसांत चांगली पसरलेली असतात. बोथट कड त्यांना कापत नाही, खाली दाबत नेते, आणि मुळांबरोबर मातीही. कडेपासून १५ सेंटिमीटरवर हॅकसॉने बारीक खूण कापावी. मार्करची खूण दोन खाचरांतच पुसून जाते.

घट्ट बसणारं रबरी बूच वरच्या तोंडासाठी, दुसरं खालच्या तोंडासाठी. कांडी बाहेर ढकलायला लाकडी दट्ट्या, पाइपात जेमतेम सरकेल इतका. सैल असला तर चिखल त्याच्या कडेने मागे येतो.

कांडी घेताना पाइप उभा धरून, वरचं तोंड उघडं ठेवून, एका संथ दाबात खुणेपर्यंत न्यायचा. तोंड बंद असेल तर आत अडकलेली हवा पाण्याला खाली ढकलते आणि पाणी वरचे काही मिलिमीटर उडवून देतं. तांबूस थर गेला, तो असा. पाइप फिरवत फिरवत दाबू नये. खुणेला पोचल्यावर पाव फेरा द्यायचा, तेवढ्याने खालची माती तुटते. मग वरचं बूच घट्ट बसवायचं आणि सावकाश वर घ्यायचं. बुचामुळे आत ओढ तयार होते आणि कांडी टिकते. पाइपाचं खालचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत यायच्या आधी, पाण्यातच, खालचं बूच लावायचं. कांडी पडते ती जवळपास नेहमी इथेच, पाण्यातून हवेत येताना. नळीसाठी सांगितलेली दोन मापं पाइपालाही घ्यायची, अर्थात वरचं बूच बसवण्याआधी. पाच सेंटिमीटरच्या पाइपात कांडी आखडणं कमी, पण शून्य नाही.

कांडीवर उभं राहिलेलं पाणी मोठ्या सिरिंजने अलगद ओढून घ्यावं. हे पाणी फेकायचं की वेगळं तपासायचं, ते आधी ठरवावं. युरिया पडून दोन-चार दिवसच झाले असतील तर त्यात नत्र भरपूर असतो: ५ सेंटिमीटर पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम असला तरी हेक्टरी ५ किलो. तेच पाणी कांडीत कालवलं गेलं तर मातीचा आकडा ३ मिलिग्रॅमच्या आसपास वर जातो, आणि कांडीगणिक पाणी कमीजास्त असल्याने दर वेळी वेगळ्या मापाने.

पाय चिखलात रुतला की आजूबाजूची माती उचलली जाते, अडकलेले वायू बुडबुड्यांनी वर येतात. म्हणून पाइप हात लांब करून पुढे लावायचा, पावलाशेजारी नाही. पाइपाची जागा चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुपक्यांच्या) मधोमध, आणि ती सगळीकडे तीच ठेवायची. एकदा चुडाला खेटून, एकदा ओळीच्या मधे असं केलं तर मुळांनी उचललेल्या नत्राचा फरकही आकड्यात शिरतो. बांधापासून दोन मीटर, पाण्याचं तोंड, झाडाची सावली, शेणखताचा ढीग होता ती जागा आणि रोपं तयार केली तो वाफा सोडून नागमोडी चालीने १५ कांड्या.

पाइपाची अडचण वजनाची आहे. एका कांडीत २९५ घनसेंटिमीटर, ओली माती अर्ध्या किलोहून थोडी जास्त. १५ कांड्या म्हणजे पावणेआठ किलो चिखल. नळीच्या १५ कांड्या सव्वा किलोत बसतात. चिखल वाळलेल्या मातीसारखा ढवळून एकजीव होत नाही, त्यामुळे पावणेआठ किलोंतून मूठभर उचलली तर सगळी काळजी वाया. उपाय असा: कांडी ट्रेवर ढकलायची आणि ताणलेल्या बारीक तारेने तिची लांबीच्या दिशेने उभी फाळ करायची. अर्धी ठेवायची, अर्धी खाचरात परत. फाळ उभीच हवी. आडवा तुकडा तोडला की पुन्हा एखाद्या थराचा वाटा वाढतो. पंधरा अर्ध्या कांड्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, हवा काढून, बाहेरून कणकेसारख्या मळायच्या. रंगाचे पट्टे दिसेनासे होईपर्यंत.

पिशवी खताची रिकामी गोणी कापून केलेली नको. दीड मिलिमीटरचा युरियाचा एक दाणा साधारण २ मिलिग्रॅमचा. अर्धा किलो कोरड्या मातीत तो विरघळून अमोनिअम झाला की आकडा २ मिलिग्रॅम प्रति किलोने चढतो. खत फेकून आलेल्या हातांनाही हेच. जस्ताचा मुलामा असलेल्या बादलीची भीती मात्र इथे नको. ती जस्त तपासणाऱ्यांची काळजी, नत्राला त्याने फरक पडत नाही.

बांधापासून बाटलीपर्यंत

इतकं करून नमुना सावलीत वाळायला पसरला तर मोजायचं तेच निघून जातं. हवा लागली की अमोनिअमचं नायट्रेट व्हायला लागतं, आणि वाळताना सेंद्रिय नत्रातूनही नवा अमोनिअम सुटतो. ओला नमुना बर्फावर, साधारण ४ अंश सेल्सिअसला, आणि त्याच दिवशी, अमोनिअम मातीच्या कणांपासून सोडवणाऱ्या पोटॅशिअम क्लोराइडच्या द्रावणात. सर्वांत सुरक्षित म्हणजे बाटल्या बांधावरच न्याव्यात: प्रत्येकीत २ मोलर द्रावण (लिटरला १४९ ग्रॅम) १०० मिलिलिटर, बाटलीचं वजन आधी नोंदलेलं. मळलेल्या चिखलातून साधारण १५ ग्रॅम आत, झाकण घट्ट. नेमकं वजन परत आल्यावर. तासभर हलवून गाळायचं. गाळणकागदातही अमोनिअम असतो, तेव्हा कागद त्याच द्रावणाने आधी धुवावा आणि मातीशिवायची एक बाटली सोबत चालवावी.

त्याच पिशवीतली २०–३० ग्रॅम माती १०५ अंशांच्या भट्टीत २४ तास ठेवून ओल काढायची. ही पायरी वगळली तर अवजारांचा सगळा वाद निरर्थक ठरतो. आपल्या चिखलात कोरड्या मातीच्या ४५–४६ टक्के पाणी आहे, म्हणजे १५ ग्रॅममध्ये कोरडी माती १०.३ आणि पाणी ४.७ ग्रॅम. द्रावणात लिटरला ३.४४ मिलिग्रॅम नत्र आला, तर ३.४४ × १०४.७ ÷ १०.३, उत्तर ३५. पंधरा ग्रॅम कोरडेच धरून भागलं तर २३. खुरप्याच्या चुकीपेक्षा ही मोठी, आणि उलट्या दिशेची. दोन्ही एकाच नमुन्यात झाल्या तर आकडा योगायोगाने ‘बरोबर’ही दिसू शकतो.

हेक्टरी किलो काढताना आणखी एक सापळा आहे. अनेक प्रयोगशाळा मिलिग्रॅम प्रति किलोला सरसकट २.२४ ने गुणतात. त्यामागे १५ सेंटिमीटर थराचं वजन हेक्टरी २२.४ लाख किलो हे गृहीत आहे, म्हणजे घनता १.५ च्या जवळ. चिखलणी केलेल्या खाचरात माती इतकी दाट नसते. १.२ घनतेला गुणक १.८ येतो: ३५ चे ६३ किलो, २.२४ ने गुणले तर ७८. खुरप्याच्या पाचरीचे ४५ आणि गुणक २.२४ एकत्र आले तर १०१. एकाच खाचराचे ६३ आणि १०१, मधे ८२ किलो युरिया. पाइपाची खरी कमाई इथे आहे. त्याचं आकारमान माहीत असल्याने एखादी पूर्ण कांडी वाळवून तोलली की घनता त्याच कामात मिळते: ३५३ ग्रॅम ÷ २९५ = १.२. खुरप्याने आणि गिरमिटाने हे होत नाही. नळीने होतं, पण कांडी आखडली असेल तर तेही चुकतं.

हीच निवड कुठे लागू नाही

लावणीआधी, रान ओलसर पण निथळलेलं असताना पोलादी नळी पाइपाला मागे टाकते. हलकी, झटपट, आणि कांडी स्वतः उभी राहते. तेव्हा भीती वेगळी असते: चिखलणीच्या थराखालचा घट्ट तळ. नळी तिथे अडते आणि ‘लागली १५ ला’ असं समजून वर काढली जाते. तळ १२ सेंटिमीटरवर असेल तर आपल्या आकड्यांत सरासरी ४० होते. नळीवर खूण हवी आणि नजर खुणेवर. हाताला बसलेला अडथळा हे खोलीचं माप नव्हे. तळाखाली जायचंच असेल तर सरकत्या हातोड्याची नळी लागते.

खोल नमुना मागणाऱ्या चाचण्यांत ही चूक जास्त महाग पडते. अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठाने भातासाठी विकसित केलेल्या एन-स्टार चाचणीत गाळाच्या पोयटा जमिनीत १८ इंच, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर, आणि चिकण जमिनीत १२ इंच खोलीचा नमुना लागतो. पंचेचाळीसऐवजी तीसवर थांबलं की कमी नत्राचा खालचा थर वगळला जातो, आकडा फुगतो आणि शिफारस कमी खताची येते. अशा खोलीला, रान कोरडं-ओलसर असताना, डच गिरमिट पुन्हा कामाचं ठरतं; फक्त प्रत्येक घासाच्या वरचे दोन सेंटिमीटर, भोकात पडलेली माती म्हणून, खरवडून टाकायचे.

आणि ब्रिकेट (युरिया दाबून केलेली मोठी गोळी) खोचलेल्या खाचरात पाइपसुद्धा चालत नाही. २.७ ग्रॅमची युरिया ब्रिकेट चार चुडांमागे एक, ४० × ४० सेंटिमीटर अंतरावर, ७ ते १० सेंटिमीटर खोल असते. तिच्याभोवती नत्राचा गोळा साठलेला, मधली माती जवळपास रिकामी. चार चुडांच्या मधोमध कांडी घ्यायचा वरचा नियम पाळला तर पाइप एकतर ब्रिकेटच्या बरोबर डोक्यावर उतरतो, नाहीतर शेजारच्या रिकाम्या चौकोनात. तिथे ब्रिकेट मधे धरून ४० × ४० चा चौकोन आखावा, त्याचे १० सेंटिमीटरचे सोळा घर करून प्रत्येक घराच्या मधोमध एक अशा सोळा कांड्या घ्याव्यात आणि असे निदान तीन चौकोन करावेत. तेवढा वेळ नसेल तर ब्रिकेटच्या खाचरात अमोनिअमसाठी माती काढूच नये. पानाचा रंग तक्त्याशी ताडून पाहणं त्यापेक्षा बरं.